दोन तेलांची किटली

लातुरात रिंगरोडच्या पलीकडं दोनशे चाळीस पोरींचं एक वसतिगृह होतं, आणि त्या अख्ख्या इमारतीत दमणारं माणूस एकच होतं. तिचं नाव पद्मिन सोनकांबळे. ती तिथं स्वयंपाक करायची.

बाकी कुणी दमत नव्हतं. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या त्या पोरी पहाटे तीनला उठायच्या, रात्री अकराला आडव्या व्हायच्या आणि मधले वीस तास पुस्तकात. जांभई नाही, डोकं धरणं नाही, 'आज जाऊ दे ना' नाही. दुपारी दोनला, ज्या वेळेला मराठवाड्यातली कुत्रीसुद्धा उभ्या ट्रॅक्टरखाली जीभ काढून पडतात, त्या वेळेला तिसऱ्या मजल्यावरच्या वाचनखोलीत दोनशे चाळीस पाठी ताठ असायच्या. जेवणाची घंटा झाली की पोरी खाली यायच्या, दीड पोळी खायच्या, हात धुवायच्या आणि वर जायच्या. ताटात काय होतं असं जिन्यात गाठून विचारलं असतं, तर दहातल्या नऊ जणींना सांगता आलं नसतं.

पद्मिनचे गुडघे मात्र नुसता जिना बघितला तरी बोलायला लागत. पीठ मळून खांदे भरून येत. दुपारची भांडी मार्गी लागली की ती स्वयंपाकघरात ज्वारीच्या पोत्याला टेकून बसे आणि तिला वाटे, आता आपण उठणारच नाही, इथंच आपल्याला कोंब फुटेल.

ही सगळी करामत तेलाची होती.

तेल म्हणजे इंधन, एवढंच लोकांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. चुलीत लाकूड, तसं पोटात तेल. पण तेलाच्या एकेका रेणूला तीन लांब शेपट्या असतात. त्यांना मेदाम्लं म्हणतात. या शेपट्या पोटात सुट्या झाल्या की नुसत्या जळत नाहीत, निरोप घेऊन हिंडतात. काही आतड्याच्या भिंतीवरच्या कुलपात बसतात आणि तिथून मेंदूला सांगावा जातो की पोट भरलं, हात आवर. काही यकृताच्या नाहीतर स्नायूच्या पेशीत घुसून थेट जनुकांच्या कपाटापर्यंत पोचतात आणि हुकूम सोडतात की साठवलेली चरबी बाहेर काढ, जाळायला घे. दुसऱ्या जातीच्या शेपट्या उलटा हुकूम देतात: जाळणं थांबव, साठव, डागडुजीला लाग. म्हणजे आपण जेवतो तेव्हा शरीराला नुसतं सरपण पुरवत नसतो, टपालही टाकत असतो.

पुण्याच्या एका कंपनीनं एवढंच केलं, की हे टपाल शिस्तीत लावलं. कोणती शेपटी कोणत्या जागी हवी हे ठरवून दोन तेलं बनवली. पिवळ्या डब्यात पहाटतेल. ते सांगायचं, जाळ, जागा राहा, भूक नाही. निळ्या डब्यात सांजतेल. ते सांगायचं, थांब, दुरुस्ती कर, चार तासांत आठ तासांची झोप उरक. चवीला दोन्ही आपल्या करडईच्या तेलासारखी. दोन्ही तापवायची नाहीत, म्हणून स्वयंपाक बिनतेलाचा आणि तेल कच्चं, वरून. सकाळी उपम्यावर पिवळ्या किटलीतून, संध्याकाळी चटणीवर निळ्या किटलीतून. किटली घेऊन पंगतीतून फिरायचं आणि प्रत्येकीच्या ताटात तेलाची धार सोडायची, हे पद्मिनचं काम.

तिनं स्वतः मात्र ते तेल खायचं नाही, असा नियम होता. ते पोरींसाठी होतं. पद्मिन आपली भाकरी, ठेचा आणि बाजारातलं साधं तेल खाई, आणि दमे.

दोनशे चाळिसांतली एक पोर तिची स्वतःची होती. श्रावस्ती. नवरा वारल्यावर पद्मिननं वसतिगृहाचे संचालक बिराजदार सर यांच्याशी बोलणं केलं होतं: तिनं स्वयंपाक करायचा, आणि त्या बदल्यात लेकीला वरच्या मजल्यावर पलंग आणि शिकवणी. आईनं स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायचं. बोलण्यात शेवटचं एक वाक्य होतं, ते सरांनी हसत हसत म्हटलं होतं, पण म्हटलं होतं: "तुम्ही आहात तोवर ती आहे, पद्मिनबाई."

दोन वर्षं झाली होती. श्रावस्ती हुशार होतीच, आता तिचा नंबर पहिल्या पाचात असायचा. आईशी बोलायला ती आठवड्यातून एकदा खाली येई आणि उभ्यानंच बोले.

"मम्मी, तू कधीबी बघावं तर बसलेलीच."

"दमते गं."

"कशानं पण? कालपण दमली होतीस."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं. उन्हाळा न बघितलेल्या माणसाला पाणपोई कळत नाही, तसं. पद्मिन म्हणे, जा बाई, अभ्यास कर, आणि श्रावस्ती दोन दोन पायऱ्या गाळत वर जाई. पद्मिनला अभिमान वाटे, आणि अभिमानाच्या खाली काहीतरी रितं रितं वाटे. त्याला काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं.

मग निळ्या किटलीच्या तोटीचा सांधा धरणारा कथलाचा डाख निघाला.

तेल धारेऐवजी तळातून ठिबकायला लागलं. पद्मिननं ऑफिसात नवी किटली मागितली. ऑफिसातल्या माणसानं मागणी संगणकात भरली, संगणकानं ती कुठंतरी पाठवली, आणि तीन आठवडे किटली काही आली नाही. दोनशे चाळीस ताटं तर रोज दोनदा मांडली जाणार. मग कुणीही केलं असतं तेच तिनं केलं. पिवळी किटलीच दोन्ही वेळेला वापरायला घेतली.

आता कंपनीची माणसं म्हणतील, एक किटली वापरली तर वापरली, पण मध्ये धुऊन, पुसून, कोरडी करायची. बरोबर आहे. पण तेलाचं भांडं पार कोरडं करणं पद्मिनच्या हाताला येतच नव्हतं. तिच्या आईनं, आईच्या आईनं, अख्ख्या भादा गावातल्या बायकांनी तेलाचं भांडं कधी रितं केलं नव्हतं. तळाला दोन बोटं तेल ठेवायचं आणि त्यावरच नवीन ओतायचं. कोरडं पडलेलं भांडं घराची बरकत नेतं. हे तिला कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. कालवण उतरवताना पदर जसा आपोआप हातात येतो, तसा तिचा हात तळाला दोन बोटं उरली की थांबायचा. दोन किटल्या होत्या तोवर त्यानं काही बिघडलं नाही. पहाटतेलावर पहाटतेलच पडत होतं. आता सकाळच्या दोन बोटांवर संध्याकाळचं तेल पडायला लागलं, आणि संध्याकाळच्या दोन बोटांवर सकाळचं.

आठव्या दिवशी वाचनखोलीत एका पोरीनं जांभई दिली.

शेजारचीनं तिच्याकडं बघितलं, आणि तिलाही आली. दुपारपर्यंत जांभई सगळ्या मजल्यावर फिरून आली. संध्याकाळच्या पंगतीत एकीनं तिसरी भाकरी मागितली आणि मागून झाल्यावर स्वतःच दचकली. दहाव्या दिवशी शिक्षक सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत असताना मागच्या बाकावरच्या चार पोरी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून गाढ झोपल्या. पोरींच्या दंडावर कंपनीचे बिल्ले असायचे, शरीर नीट चाललं की हिरवे. ते लाल झाले. बिराजदार सरांनी डॉक्टर बोलावले. रक्त तपासलं, पाणी तपासलं, डासांची औषधं मारली. काही सापडलं नाही. सराव परीक्षेचे गुण मात्र घसरले, आणि पालकांचे फोन सुरू झाले.

त्याच आठवड्यात एका दुपारी श्रावस्ती स्वयंपाकघरात आली. उभी राहिली नाही. भिंतीला धरत आली आणि पोत्यावर बसली.

"मम्मी, मला काहीतरी झालंय."

"काय व्हायलंय?"

"अंग उचलत नाही. एकच ओळ चारदा वाचते. आणि इथं…" तिनं पोटावर हात ठेवला. "इथं कुणीतरी कुरतडायलंय."

पद्मिननं तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तिनं लेकीचे डोळे बघितले, डोळ्यांखालची सावली बघितली, आणि तिच्या ध्यानात आलं. ही सावली ती रोज आरशात बघत होती.

"भूक लागलीय तुला," ती म्हणाली. "आणि दमलीस."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे काय गं. एवढ्यावरच दुनिया चालली."

तिनं भाकरी थापली, शेंगदाण्याची चटणी दिली. वर तेल न घालता दही दिलं. श्रावस्तीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिसऱ्या भाकरीला थांबून म्हणाली, "चटणीत लसूण जास्त पडलाय." दोन वर्षांत पहिल्यांदा पोरीला चव लागली होती. मग ती तिथंच पोत्यावर कलंडली, आणि पद्मिन पीठ चाळायचं सोडून तिच्याजवळ बसून राहिली. पोर घोरत होती. पद्मिनला भीती वाटायला हवी होती. पण तिला इतकं बरं वाटलं, की त्याचीच भीती वाटली.

शनिवारी पुण्याहून कंपनीच्या डॉक्टर आल्या. नाझनीन पटेल. मूळच्या औशाच्या, तिशीच्या आतल्या, पाठीवर पिशवी आणि पायात पळायचे बूट. पहाटतेल बनवणाऱ्या गटात त्या स्वतः होत्या, आणि खातही तेच होत्या. रात्रभर गाडीत बसून आल्या होत्या, तरी चेहरा घासलेल्या तांब्यासारखा. त्यांनी डब्यांची सीलं बघितली, तेलाचे नमुने काढले, बिल्ल्यांतली माहिती उतरवून घेतली. डब्यांतलं तेल चोख निघालं. किटलीकडं त्यांनी बघितलं नाही. किटलीकडं कोण बघतं?

दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या. पद्मिननं चहा दिला.

"मावशी, तुम्ही बिल्ला नाही लावत?"

"मला कशाला मॅडम. माझा लालच असणार."

नाझनीन हसल्या. मग कपाकडं बघत म्हणाल्या, "पोरींचं शरीर बहिरं झालंय, असं वाटतंय मला. आम्ही दोन वर्षं त्याच चिठ्ठ्या पाठवतोय, पेशींनी ऐकायचं बंद केलं. सोमवारपासून तिप्पट जोराचं पहाटतेल देणार. डबे आलेत गाडीत."

"तिप्पट? सोसेल का?"

"बहिऱ्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं. कान चांगला असलेल्याच्या कानात ओरडलं तर पडदा फाटेल. तसं. ऐकू येणाऱ्या शरीराला हे तेल दिलं, तर ते चरबी जाळून थांबणार नाही. स्नायूला हात घालेल. काळजाचाही स्नायूच असतो. पण यांचं ऐकणं बंद झालंय, म्हणून चालेल."

पद्मिन कपबशी पुसत होती. पुसता पुसता तिनं विचारलं, "मॅडम, दोन्ही तेलं एका वेळेला पोटात गेली तर?"

"कशी जातील? एक सकाळी, एक संध्याकाळी."

"गेली तर, म्हणते."

"मग पेशीला एकाच वेळी दोन उलट्या चिठ्ठ्या मिळतील. जाळ आणि जाळू नको. पेशी मग दोन्ही फाडून टाकते आणि आपल्या अकलेनं चालते. भूक लागली की मागते, दमली की बसते." नाझनीननी खांदे उडवले. "म्हणजे आपल्या आजीच्या काळातलं शरीर."

"आणि थोडंसंच गेलं तर? दोन बोटं?"

"चिठ्ठी किती वजनाची आहे, त्यावर हुकूम ठरत नाही, मावशी. थोडंसुद्धा पुरतं. मात्र ही भेसळ थांबली की आठवड्याभरात सगळं मूळ पदावर." त्यांनी चहा अर्धाच प्यायला, आभार मानले आणि गेल्या.

पद्मिन ओट्याकडं बघत राहिली. किटली तिथंच होती, पिवळी, तोंडाला फडकं बांधलेली.

चार वाजता तिनं वर जाऊन श्रावस्तीला हाक मारली. तिसरा मजला चढायला तिला तीनदा थांबावं लागलं. दोघी गच्चीच्या जिन्यात बसल्या आणि पद्मिननं सगळं सांगितलं. डाख, किटली, दोन बोटं, मॅडमचं बोलणं. श्रावस्ती ऐकताना नखं कुरतडत होती.

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच पहिल्यांदा."

"बस मग. कुणाला सांगू नको. किटली धू. साबणानं धू, उन्हात वाळव, आणि गप बस. आठ दिवसांत सगळं नीट होतं असं ती म्हणलीच ना."

"सोमवारी तिप्पट तेल यायलंय, श्रावू."

श्रावस्तीनं बोट तोंडातून काढलं.

"मी किटली धुतली की यांचे कान उघडणार," पद्मिन म्हणाली. "आणि उघड्या कानात ती ओरडणार. तुझ्यापण."

"मग धुऊ नको."

"परीक्षेपर्यंत अशीच झोपत राहशील? जमंल तुला?"

"नाही." श्रावस्तीचा आवाज फाटला. "मम्मी, बेचाळीस दिवस राहिलेत. सांगितलंस तर आपल्याला बाहेर काढतील. तुला कळतंय का? दोन वर्षं मी वीस वीस तास बसले. तुझ्या दोन बोटांपायी मी बाहेर जाऊ?"

"धुतली तर पोरी मरतील, नाही धुतली तर नापास होतील. तिसरं काही असलं तर सांग. तू हुशार हाईस."

श्रावस्ती हुशार होती, म्हणूनच तिला तिसरं काही सापडलं नाही. ती उठली आणि खाली वाचनखोलीकडं गेली. दोन पायऱ्या गाळल्या नाहीत. एकेक पायरी, कठड्याला धरून.

संध्याकाळच्या पंगतीआधी पद्मिन किटली घेऊन ऑफिसात गेली. बिराजदार सर आणि नाझनीन समोरासमोर बसले होते. तिनं किटली टेबलावर ठेवली, फडकं सोडलं आणि जे होतं ते सांगितलं. सांगायला चार वाक्यंच लागली.

नाझनीननी किटलीत वाकून बघितलं. मग बोटं आत घालून तळाचं तेल मोजलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सोमवारी मी दोनशे चाळीस पोरींना ते दिलं असतं." मोबाइल काढून त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, डबे गाडीतून उतरवू नकोस. मग पुन्हा फोन लावून तेच पुन्हा सांगितलं. पहाटतेल थकवा घालवतं, भीती नाही घालवत.

बिराजदार सर वाईट माणूस नव्हते. ते ओरडलेही नाहीत.

"पद्मिनबाई, तुम्ही सांगितलंत हे फार चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण मी पालकांना काय सांगू? दोनशे चाळीस घरांतनं फोन येतायत. कुणाच्या हातून झालं, असं विचारणार ते. आणि ते माणूस अजून इथं आहे का, असं विचारणार."

"पोरीला तरी राहू द्या सर. तिचा काय दोष?"

"बोलणं काय झालं होतं आपलं?"

झालेलं बोलणं पद्मिनला आठवत होतं. नाझनीन मध्ये काही बोलल्या, सरांनी ते ऐकून घेतलं, मान हलवली, आणि निर्णय बदलला नाही. पद्मिननं त्या संध्याकाळी शेवटच्या पंगतीच्या भाकऱ्या मोजून ठेवल्या, किटली घासली, उपडी घातली आणि ट्रंक भरायला घेतली.

जुन्या गावभागात एका खोलीत त्या राहायला गेल्या. पद्मिन घरीच भाकऱ्या करून खानावळींना द्यायला लागली. श्रावस्ती तिच्याशी बोलत नव्हती. बोललीच तर पाणी, मीठ, दार लाव, एवढंच. साध्या तेलावर तिचं शरीर साध्या शरीरासारखं वागत होतं. नऊला डोळे मिटायचे, सकाळी सहाआधी उघडायचे नाहीत. उठली की ती आधी घड्याळाकडं बघायची आणि गेलेले तास मनात मोजायची. तिकडं वसतिगृहात नव्या किटल्या आल्या होत्या, बिल्ले हिरवे झाले होते, पोरी पुन्हा वीस तास बसत होत्या. श्रावस्ती बारावरच टेकायची. एकदा वही मिटताना ती आईकडं न बघता म्हणाली, "रोज आठ तास. रोज ह्या पोरी माझ्यापुढं आठ तास जायल्यात." पद्मिननं भाकरी उलटली. 

परीक्षेला वीस दिवस उरले असताना, रविवारी दुपारी एक वाजता दारात इरा उभी राहिली.

इरा श्रावस्तीच्या शेजारच्या पलंगावरची. पहिल्या तीनात असणारी, म्हणजे सगळ्यात धोक्याची प्रतिस्पर्धी. तिच्यामागं आणखी सात जणी, रांगेत, चपला हातात घेतल्यासारख्या अवघडलेल्या. रविवारी एक ते पाच त्यांना बाहेर सोडत.

"मावशी," इरा म्हणाली, "जेवायला घालता का?"

"तिथं काय झालं जेवायला?"

"काही नाही. तिथलं सकाळचं आम्ही चुकवलं. कालचं रात्रीचं पण. ओकारी येते म्हणून सांगितलं." तिनं खाली बघितलं. "ते आठ दिवस होते ना, तुमच्या किटलीचे. त्यात मला एक स्वप्न पडलं होतं. आमचं शेत, आणि आमची म्हैस मला काहीतरी सांगायली होती. आता पडत नाही. चार तासांत स्वप्न मावत नाही म्हणे. मावशी, एक दिवस दमायचंय आम्हाला."

पद्मिन श्रावस्तीकडं बघायला लागली. ती भिंतीला टेकून भौतिकशास्त्र वाचत होती, म्हणजे पुस्तक उघडं होतं.

"या," श्रावस्ती म्हणाली. "खा, झोपा. एक दिवस बुडवा. तेवढ्याच माझ्या आठ रँका वर."

"चालंल," इरा म्हणाली, आणि आत आली.

पद्मिननं तेरा भाकऱ्या आधीच केल्या होत्या, खानावळीच्या. त्या गेल्या. आणखी केल्या. पिठलं केलं, त्यावर साधं करडईचं तेल, पळीभर. पोरी आधी गप्प खात होत्या, मग एक म्हणाली पिठलं तिखट आहे, दुसरी म्हणाली तिखट नाही, तुझी जीभ शहरी आहे, आणि बघता बघता खोलीत पंगतीचा गोंगाट झाला. मग तो हळूहळू मावळला. एकीनं मान टाकली, दुसरीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. आठ जणी त्या दहा बाय दहाच्या खोलीत उलट्यासुलट्या झोपल्या, वाळत घातलेल्या पापडांसारख्या. दंडावरचे बिल्ले एकेक करून लाल झाले.

"साडेचारला उठव आम्हाला," डोळे मिटायच्या आधी इरा श्रावस्तीला म्हणाली होती. "पाचला गेट बंद होतं. उशीर झाला की नाव काढतात. आता नवीन नियम केलाय."

पद्मिननं तवा उतरवला आणि दारापाशी रिकाम्या जागेत अंग टाकलं. हाडन् हाड ठणकत होतं. डोळे मिटले, पण झोप अजून आली नव्हती. पाठीमागं पान उलटल्याचा आवाज येत होता. एक पान. बऱ्याच वेळानं दुसरं. मग पान उलटणं थांबलं.

"इरा. ए इरा. साडेचार झाले."

"पाच मिनिटं," इरा झोपेतच म्हणाली.

श्रावस्तीनं तिला पुन्हा हलवलं नाही. पद्मिन डोळे मिटून ऐकत होती. वसतिगृह चालत अर्ध्या तासावर होतं. या पोरी आता उठल्या नाहीत, तर सहाला उठतील. गेटवर नाव काढलं जाईल, आठ नावं. आणि त्यात श्रावस्तीनं काहीच केलेलं नसेल. फक्त वाचत बसलेली असेल. कुणी विचारलं तर म्हणता येईल, उठवलं होतं मी, तीच उठली नाही. खोलीत आठ जणींच्या श्वासांचा आवाज होता आणि भिंतीवरचं घड्याळ. पद्मिनला वाटलं, आपण उठावं. मग वाटलं, नाही. हे तिचं तिनं ठरवायचं.

पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"इरा, ऐक. मी चौकातनं दोन रिक्षा घेऊन येते. रिक्षानं सात मिनिटं लागतात. अजून पंधरा मिनिटं झोप."

"बरं," इरा म्हणाली. तिला एक अक्षर कळलं नसणार.

श्रावस्ती झोपलेल्या पायांवरून, हातांवरून, वेण्यांवरून पाय टाकत दाराकडं आली. पद्मिनला ओलांडताना जरा थांबली, वाकली, आईच्या उशाशी पडलेलं उलथणं उचलून बाजूला ठेवलं, आणि आपल्या चपला शोधायला लागली. त्या सापडेनात, तेव्हा तिनं आईच्या घातल्या. मग ती चैत्रातल्या उन्हात बाहेर पडली. पावलं जड होती, बोळाच्या टोकापर्यंत ऐकू येत होती.

पद्मिननं डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर उठून चहा टाकावा लागला असता.